नाजूक पोटाचे लहान कुत्रे आणि रॉयल कॅनिनचे ‘गॅस्ट्रोइंटेस्टायनल लो फॅट’

लहान कुत्र्याचे पोट वरचेवर बिघडत असेल, तर त्याच्यासाठी खाद्याची पिशवी घेताना पुढच्या बाजूची चित्रे सोडून मागच्या बाजूचा एक आकडा आधी पाहावा, असे माझे ठाम मत झाले आहे. तो आकडा म्हणजे स्निग्धांशाची टक्केवारी. रॉयल कॅनिन या कंपनीचे ‘गॅस्ट्रोइंटेस्टायनल लो फॅट’ हे कोरडे खाद्य आमच्या घरी बऱ्याच महिन्यांपासून चालू आहे. ते चांगले आहे, एवढे सांगून भागत नाही, म्हणूनच सविस्तर लिहीत आहे. ते कोणत्या कुत्र्याला लागू पडते, किती ग्रॅम घालायचे, त्यासोबत घरातले काय काय बंद करावे लागते आणि कोणत्या कुत्र्याला ते मुळीच देऊ नये, हे समजून न घेता पिशवी आणली, तर पैसे खर्च होतात आणि कुत्र्याचे हाल मात्र थांबत नाहीत.

आमची चिंगी सात वर्षांची आणि सहा किलो वजनाची आहे. आपल्याकडे सर्रास पॉमेरेनियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंडियन स्पिट्झ जातीची ती आहे. तिचा त्रास अनेक घरांना ओळखीचा असेल: काही दिवस सगळे सुरळीत चालायचे, मग एकाएकी पातळ शी, शेवटी शेवटी चिकट आव, पोटात गुडगुड आणि पहाटे रिकाम्या पोटी पिवळ्या फेसाची उलटी. आमच्या पशुवैद्यांनी खाद्याचे नाव काढण्याआधी शीची तपासणी करून जंत आणि जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी नाही याची खात्री करून घेतली, सोनोग्राफी केली आणि लायपेज या स्निग्धांश पचवणाऱ्या, स्वादुपिंडाशी निगडित पाचकद्रव्याची रक्ततपासणी करायला सांगितली. तिचा आकडा वाढलेला आला, तेव्हा त्यांनी कमी स्निग्धांशाचे खाद्य सुचवले. हा क्रम मी मुद्दाम नोंदवत आहे, कारण शी पातळ होण्याची कारणे डझनभर असतात आणि त्यांपैकी प्रत्येकाला हीच पिशवी उत्तर नाही. जिआर्डिया झालेल्या कुत्र्याला कितीही उत्तम खाद्य घातले, तरी औषध दिल्याशिवाय ते बरे होत नाही.

स्निग्धांशाला एवढे महत्त्व का, हे थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे. स्निग्ध पदार्थ जठरातून पुढे सरकायला वेळ घेतात आणि ते पचवण्यासाठी स्वादुपिंडाचे पाचकरस आणि यकृतातून येणारे पित्त, दोन्ही लागतात. यांपैकी काहीही कमी पडले किंवा लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज असली, की न पचलेला स्निग्धांश मोठ्या आतड्यापर्यंत जातो. तिथले जिवाणू त्याचे अशा आम्लांत रूपांतर करतात की आतडे पाणी शोषून घेण्याऐवजी आत सोडू लागते आणि जुलाब होतात. शिवाय स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेलेली असेल, तर तेलकट-तुपकट जेवण हे तो आजार उलटण्याचे एक नेहमीचे निमित्त ठरते. लहान जातींमध्ये मिनिएचर श्नाउझर आणि यॉर्कशायर टेरियर यांना स्वादुपिंडाच्या दाहाचा धोका विशेष असतो. यॉर्कशायर टेरियरमध्ये आतड्यावाटे प्रथिने वाहून जाण्याचा एक गंभीर विकारही आढळतो आणि त्यातही कमी स्निग्धांशाचे खाद्य हा उपचाराचा मुख्य भाग असतो.

आता ज्या गोष्टीमुळे मला या खाद्याबद्दल लिहिणे निकडीचे वाटले, ती सांगते. रॉयल कॅनिनच्या याच मालिकेत ‘गॅस्ट्रोइंटेस्टायनल’ आणि ‘गॅस्ट्रोइंटेस्टायनल लो फॅट’ अशा दोन पिशव्या येतात. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवरची अक्षरे सारख्याच वळणाची आणि दोन्ही पोटाच्या विकारांसाठीच. परंतु पहिलीत स्निग्धांश सुमारे २० टक्के असतो आणि दुसरीत सुमारे ७ टक्के. म्हणजे जवळपास तिपटीचा फरक. पहिलीला निकृष्ट म्हणण्याचे काहीच कारण नाही. आजारातून उठलेल्या, वजन घटलेल्या, कमी खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटात थोड्या घासांत जास्त ऊर्जा जावी म्हणून ती तशी बनवलेली आहे, आणि अशा कुत्र्याला स्निग्धांश पचत असेल तर तीच योग्य. पण ज्याचे स्वादुपिंड नाजूक आहे, त्याच्यासमोर ती पिशवी चुकूनही येता कामा नये. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने मला लो फॅटऐवजी साधी पिशवी पुढे केली आणि “ताई, कंपनी तीच, पोटाचंच आहे, काही फरक नाही,” असे अगदी सहजपणे सांगितले. फरक किती आहे, हे मी त्याला दोन्ही पिशव्या शेजारी ठेवून दाखवले. पशुवैद्याने लिहून दिलेल्या चिठ्ठीवरचे पूर्ण नाव आणि पिशवीवरचे पूर्ण नाव अक्षरशः जुळवून पाहावे, आणि घरपोच मागवले असेल तर पिशवी फोडण्याआधी पुन्हा एकदा पाहावे, हे माझे सर्वांना कळकळीचे सांगणे आहे.

१९६८ साली फ्रान्समध्ये ज्याँ कॅथारी या पशुवैद्याने सुरू केलेली ही कंपनी आता मार्स या उद्योगसमूहाच्या मालकीची आहे आणि तिचा भर पहिल्यापासून विशिष्ट गरजेनुसार खाद्य बनवण्यावर राहिलेला आहे. या पिशवीतल्या घटकांत तांदूळ अग्रभागी आहे. त्यासोबत गहू, बार्ली आणि पोल्ट्रीपासून मिळवलेली, सहज पचणारी प्रथिने आहेत. मला विशेष महत्त्वाचे वाटतात ते तंतुमय घटक. बीटचा चोथा आणि आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले इसबगोल हे दोन्ही यात आहेत. इसबगोल पाणी धरून ठेवून बुळबुळीत लगदा तयार करते, त्यामुळे पातळ शीला आकार येतो आणि घट्ट शी मऊ होते. जोडीला फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड नावाची साखरेची लहान साखळी आणि यीस्टपासून काढलेले घटक आहेत, जे आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे अन्न बनतात. हे जिवाणू त्यातून जी आम्ले तयार करतात, त्यांवर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. स्निग्धांश कमी ठेवूनही माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्ले राखलेली आहेत, याचे कौतुक करावेसे वाटते, कारण केवळ तेल काढून टाकले की त्वचा आणि केस कालांतराने निस्तेज होऊ शकतात.

घटकांविषयी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, की यात धान्य आहे आणि धान्य कुत्र्यांना वाईट. हा आक्षेप मला पटत नाही. शिजवलेला तांदूळ कुत्र्यांना उत्तम पचतो, आणि खरी अन्न-ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन हे गव्हाच्या आधी येतात.

आता प्रमाणाविषयी. लहान कुत्र्याच्या बाबतीत सगळा खेळ ग्रॅमचा असतो. कुत्र्याच्या मूलभूत ऊर्जेची गरज काढण्याचे पशुवैद्यकातले सूत्र आहे: किलोतल्या वजनाचा पाऊणवा (०.७५) घात करायचा आणि त्याला ७० ने गुणायचे. सहा किलोच्या कुत्र्यासाठी हा आकडा सुमारे २६८ किलोकॅलरी येतो. घरात राहणाऱ्या, बेताचे फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी तो साधारण १.४ पट धरला, तर दिवसाला सुमारे ३७५ किलोकॅलरी होतात. या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० किलोकॅलरी असतात, म्हणजे चिंगीला दिवसभरात साधारण १०५ ते ११० ग्रॅम पुरतात. घरातली आमटीची वाटी भरून घातली, तर प्रत्येक हातानुसार ती पंधरा-वीस ग्रॅमने इकडेतिकडे होते. मोठ्या कुत्र्याला त्याचे काही वाटणार नाही, पण सहा किलोच्या जिवाला ते दिवसाच्या गरजेच्या सहाव्या हिश्श्याएवढे भरते. निव्वळ जास्त खाल्ल्यानेही शी सैल होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यामुळे खाद्य योग्य असूनही “लागू पडत नाही” असा निष्कर्ष निघतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा हा या खाद्याचाच एक भाग आहे, असे समजून तो वापरावा. पिशवीवरचा तक्ता प्रारंभ म्हणून घ्यावा, आणि पंधरा दिवसांनी वजन करून प्रमाण थोडे वरखाली करावे.

हेच गणित बिस्किटाला लावून पाहा. पाच-सहा ग्रॅमच्या एका ग्लुकोज बिस्किटात सुमारे २५ किलोकॅलरी असतात. चहाबरोबर तीन बिस्किटे दिली, की चिंगीच्या दिवसाच्या जेवणाचा पाचवा हिस्सा मैदा आणि साखरेने व्यापला. मुख्य जेवणाबाहेरचा खाऊ एकंदर कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण दंडक आहे, आणि पोट बिघडलेले असताना तोही शून्यावर आणावा. आम्ही तिच्या दिवसाच्या वाट्यातलेच दहा-बारा दाणे एका डबीत वेगळे काढून ठेवतो आणि बक्षीस म्हणून तेच देतो. तिला हातातून मिळाल्याचा आनंद पुरेसा असतो.

सर्वांत अवघड भाग तुपाचा होता. आमच्या आई वर्षानुवर्षे तिला पोळीच्या चतकोरावर तूप लावून भरवत आल्या आहेत, आणि ते बंद करायचे म्हटल्यावर त्यांनी अगदी काळजीने विचारले, “अगं, एवढ्याशा कोरड्या दाण्यांवर उपाशी ठेवणार का तिला?” त्यांना मी आकडे मांडून दाखवले. ११० ग्रॅम खाद्यातून चिंगीला दिवसभरात साडेसात-पावणेआठ ग्रॅम स्निग्धांश मिळतो. एका लहान चमच्यातले तूप साधारण पाच ग्रॅम असते, म्हणजे जवळजवळ निखळ पाच ग्रॅम स्निग्धांश. दिवसाच्या एकूण स्निग्धांशाच्या दोनतृतीयांश भर एकाच चमच्याने पडते, आणि महागाची पिशवी आणून जे साधायचे ते एका चतकोरात निसटून जाते. आईंना हे तत्काळ पटले, आणि तेव्हापासून तिच्या जेवणाची वेळ त्यांनीच स्वतःकडे घेतली आहे. हे खाद्य ज्या घरात अपयशी ठरते, त्यांपैकी पुष्कळ घरांत दोष खाद्याचा नसून प्रेमाने दिलेल्या अशा लहानसहान घासांचा असतो, असे माझे निरीक्षण आहे. मोलकरीण, शेजारची मुले, खाली बसणारे सुरक्षारक्षक, दर रविवारी येणारे पाहुणे या सर्वांना एकदा स्पष्ट सांगावे लागते. दिवाळीच्या फराळात तर तेल-तुपाखेरीज दुसराही धोका आहे: चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि कांदा-लसूण घातलेले काहीही त्यांच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करते.

प्रत्यक्ष खाण्याविषयी सांगायचे, तर दाणे लहान तोंडाला झेपतील एवढे आहेत आणि चिंगी ते चावून खाते. कमी स्निग्धांशाच्या कोणत्याही खाद्याला वास आणि चव थोडी बेताचीच असते, आणि लाडावलेल्या लहान कुत्र्यांच्या ते लगेच लक्षात येते. यावर कोमट पाणी हा साधा उपाय आहे. दाण्यांवर दोन-तीन मोठे चमचे कोमट पाणी घालून पाच मिनिटे झाकून ठेवले, की वास उमलतो, दाणे किंचित फुगतात आणि पोटात पाणीही जाते. भिजवलेले दाणे मात्र उन्हाळ्यात ताटलीत तसेच राहू देऊ नयेत. वीस-पंचवीस मिनिटांत खाल्ले नाही तर उचलून टाकावेत. चव वाढवण्यासाठी चिकनचे पाणी घालण्याचा मोह होतो, पण त्यावर चरबीचा तवंग असतो. घालायचेच असेल तर ते फ्रिजमध्ये थंड करून वर गोठलेला थर पूर्ण काढून टाकावा आणि त्यात मीठ, आले-लसूण काहीही नसावे.

जेवण दिवसातून चार वेळा विभागून देतो आणि त्यातला शेवटचा भाग रात्री झोपण्याच्या अगदी आधी. पहाटे येणारी पिवळ्या फेसाची उलटी बहुतेकदा जठर बराच वेळ रिकामे राहिल्याने, पित्त मागे येऊन होते, आणि रात्री उशिराच्या चार घासांनी ती थांबते. चिंगीची थांबली. हे श्रेय खाद्याइतकेच वेळापत्रकाचे आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

जुन्या खाद्यावरून नव्यावर जाताना घाई करू नये. सर्वसाधारण नियम सात दिवसांचा आहे: पहिले दोन दिवस पाव भाग नवे, मग अर्धे, मग पाऊण आणि शेवटी पूर्ण. नाजूक पोटासाठी हाच प्रवास दहा ते चौदा दिवसांवर ताणला तरी बिघडत नाही. स्वादुपिंडाचा दाह ऐन भरात असताना पशुवैद्य कधी कधी थेट बदल करायला सांगतात. तेव्हा अर्थातच त्यांचे ऐकावे.

परिणाम कळतो तो शीवरूनच, आणि त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. पशुवैद्य यासाठी १ ते ७ अशी एक मोजपट्टी वापरतात. १ म्हणजे खड्यासारखी कोरडी, ७ म्हणजे पाण्यासारखी, आणि २ ते ३ ही उत्तम. चिंगीची शी पूर्वी बऱ्याचदा ५ ते ६ असायची: आकार नाही, कागदाने उचलताना फरशीवर पसरायची, शेवटच्या भागावर जेलीसारखा चकचकीत पापुद्रा. पूर्ण बदल झाल्यानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती सलग आकाराची, बाहेरून किंचित ओलसर आणि उचलल्यावर जमिनीवर डाग न ठेवणारी झाली. आवेचा थर नाहीसा झाला, प्रमाणही कमी झाले, जे पचन सुधारल्याचे चिन्ह आहे. पोटातली गुडगुड, जी रात्री शांततेत पलंगावरूनही ऐकू यायची, ती आता क्वचितच ऐकू येते. तिचे पुढचे पाय जमिनीवर आणि मागचा भाग वर अशी ताणून धरण्याची जी सवय आम्हाला खेळकरपणा वाटायची, ती खरे तर पोटदुखीची खूण असू शकते हे पशुवैद्यांनी दाखवून दिले होते. तीही दिसेनाशी झाली. केसांची चमक टिकून आहे आणि वजन सहा किलोच्या आसपास स्थिर आहे.

“घरी चिकन-भात शिजवला तर काय वाईट?” हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला झटकून टाकणे मला अन्यायाचे वाटते. पोट बिघडलेल्या दोन-चार दिवसांपुरते, कातडी आणि हाडे काढलेल्या चिकनच्या छातीचा एक भाग आणि मऊ शिजवलेल्या भाताचे दोन भाग, मीठ-मसाला काहीही न घालता, हे जेवण उत्तमच आहे. छातीच्या मांसात स्निग्धांश थोडा असतो, त्यामुळे या मिश्रणाचा स्निग्धांश या पिशवीपेक्षाही कमी भरतो. मात्र तेच चिकन कातडीसह, मांडीचे घेतले, तर सगळा हिशेब उलटतो. अडचण येते ती हेच जेवण महिनोन्महिने चालू ठेवल्यावर. सहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि १०० ग्रॅम चिकनमध्ये ते जेमतेम १५ मिलिग्रॅम असते. फॉस्फरस मात्र भरपूर असते, त्यामुळे शरीर हाडांतले कॅल्शियम काढून तोल सांभाळू लागते. जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वे यांचीही हीच कथा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी भरले. ज्यांना घरीच शिजवायचे आहे, त्यांनी पशुपोषण जाणणाऱ्या पशुवैद्याकडून कुत्र्याच्या वजनानुसार पाककृती आखून घ्यावी आणि त्यात सांगितलेली खनिज-जीवनसत्त्वांची भुकटी वगळू नये. तसे केले, तर घरचे जेवण कोणत्याही पिशवीइतकेच चांगले होऊ शकते. आम्हाला रोज तेवढी काटेकोर तयारी जमण्यासारखी नव्हती, म्हणून आम्ही पिशवीकडे वळलो.

दही-भाताविषयी दोन शब्द. ताजे, आंबट नसलेले, साय काढलेले दही काही कुत्र्यांना चमचाभर मानवते. पण दूध अनेक प्रौढ कुत्र्यांना पचत नाही, कारण त्यातली साखर फोडणारे विकर त्यांच्यात कमी असते. दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्यांचे सततचे सैल पोट केवळ दूध बंद केल्याने सुधारल्याची उदाहरणे माझ्या ओळखीत आहेत. उकडलेला लाल भोपळा, चमचा-दोन चमचे, हे मात्र निर्धोक आणि उपयोगी आहे.

साठवणुकीकडे आपल्या हवेत विशेष लक्ष द्यावे लागते. पावसाळ्यात कोकण-मुंबईसारख्या दमट ठिकाणी उघडी पिशवी ओल धरते, दाणे नरम पडतात आणि बुरशीचा धोका वाढतो. उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या उष्णतेने तेल खवट होते. खाद्य मूळ पिशवीतच, हवा काढून, तोंड घट्ट बंद करून आणि ती अख्खी पिशवी हवाबंद डब्यात ठेवून वापरावी. त्यामुळे बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीखही हाताशी राहते. काही दुकानांत मोठी पिशवी फोडून प्लास्टिकच्या थैलीतून सुटे खाद्य विकतात. नाजूक पोटाच्या कुत्र्यासाठी ते कधीही घेऊ नये. ते कधी उघडले, कशात मिसळले आणि मुळात कोणत्या नावाचे होते, हे समजण्याचा मार्गच उरत नाही.

हे खाद्य कोणासाठी नाही, तेही सांगितले पाहिजे. चिकनची सिद्ध ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला यातली पोल्ट्री चालणार नाही. त्याच्यासाठी प्रथिने बारीक तुकड्यांत फोडलेली हायड्रोलाइज्ड खाद्ये निराळी मिळतात आणि त्यांची चाचणी काही आठवडे, दुसरा एकही घास न देता करावी लागते. वाढत्या पिल्लांना, गाभण किंवा पाजणाऱ्या माद्यांना आणि अंगावर मांस नसलेल्या कुत्र्यांना एवढा कमी स्निग्धांश पशुवैद्याने खास सांगितल्याशिवाय देऊ नये. ज्याचे पोट वर्षातून एखाद्या वेळी काही हुंगून खाल्ल्यामुळे बिघडते, त्यालाही याची गरज नाही. हिल्स या दुसऱ्या कंपनीचे ‘आय/डी लो फॅट’ हे याच वर्गातले खाद्य आहे, आणि एक मानवले नाही म्हणून दुसरेही मानवणार नाही असे नसते.

शीमध्ये रक्त, वारंवार उलट्या, हिरड्या कोरड्या आणि चिकट लागणे, उचललेली कातडी हळूहळू खाली बसणे किंवा कुत्र्याने अंग टाकून देणे, यांपैकी काहीही दिसले तर खाद्य बदलत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लहान कुत्र्याच्या शरीरात पाण्याचा साठा थोडा असतो, आणि रक्ताळ जुलाबांत ते काही तासांत कोलमडू शकते. लस न झालेल्या पिल्लात तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा संशय आधी घ्यावा लागतो. माणसांच्या जुलाबाच्या किंवा वेदनेच्या गोळ्या अंदाजाने देणे जिवावर बेतू शकते.

किंमत हा या खाद्याचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. दीड किलोच्या पिशवीला हजार रुपयांहून बरेच अधिक पडतात, म्हणजे साध्या बाजारू खाद्याच्या कितीतरी पट. सहा किलोच्या कुत्र्याला ती जवळपास दोन आठवडे पुरते. तीस किलोच्या लॅब्रडॉरच्या घराला हा खर्च बहुधा परवडणारा नाही, लहान कुत्र्याच्या घराला ओढाताण करून जमू शकतो. आमच्या बाबतीत दवाखान्याच्या फेऱ्या, सलाईन आणि औषधे यांचा खर्च घटल्याने तो बराचसा भरून निघाला आहे. लहान गावांत ही पिशवी दुकानात सहज मिळत नाही, म्हणून चालू पिशवीत आठवडाभराचे खाद्य उरलेले असतानाच पुढची मागवावी. ऐन वेळी संपली आणि तीन दिवस दुसरे काही घालावे लागले, तर आतड्याची बसलेली घडी विस्कटते. पोट स्थिर झाल्यावर हे खाद्य जन्मभर चालू ठेवायचे की मध्यम स्निग्धांशाच्या, कमी किमतीच्या खाद्यावर हळूहळू यायचे, हे पुन्हा रक्ततपासणी करून पशुवैद्यांसोबत ठरवावे. चिंगीसाठी आमच्या पशुवैद्यांनी सध्या हेच कायम ठेवले आहे, आणि पुढच्या तपासणीत स्वादुपिंडाच्या आकड्याबरोबर बी-१२ जीवनसत्त्वाची पातळीही पाहायला सांगितली आहे, कारण आतड्याचा विकार जुना असेल तर ते नीट शोषले जात नाही आणि ते कमी असताना उत्तम खाद्याचाही पुरता गुण येत नाही.